मोठी आई आणि सहा भोंगे: वेन्चौमधल्या एका चौकाचं प्रकरण

२९ मार्च २०१४, शनिवार. चीनच्या चच्यांग प्रांतातल्या वेन्चौ शहरात सोंगथाय चौकाला लागून असलेल्या एका सोसायटीने आपल्या इमारतीवर बसवलेले सहा भोंगे चालू केले. भोंगे साधे नव्हते. आवाज चहूकडे पसरू न देता झोतासारखा एकाच दिशेला फेकणारी ती यंत्रणा होती आणि तिचं तोंड खालच्या चौकाकडे होतं. एकच घोषणा पुन्हा पुन्हा वाजत राहिली: ‘चीनच्या ध्वनिप्रदूषण प्रतिबंधक कायद्याचं पालन करा, बेकायदा वर्तन ताबडतोब थांबवा!’

घोषणा होती चौकात नाचायला जमणाऱ्या बायकांसाठी. सोसायटीच्या कमिटीने या यंत्रणेवर २ लाख ६० हजार युआन खर्च केले होते. तेव्हाच्या दराने साधारण २५ लाख रुपये. सोसायटीत रंगरंगोटीसाठी हजार-दोन हजार काढायचे तरी किती सभा लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यामागचा संताप वेगळा समजावून सांगायला नको.

चिनी वर्तमानपत्रांनी याला ‘आवाजाने आवाजाचा बंदोबस्त’ म्हटलं. काट्याने काटा काढायचा तसं. काही दिवसांत बातमी इंग्रजीत गेली आणि तिथे तिचं रूप बदललं. ‘डान्सिंग ग्रॅनीज’ विरुद्ध वैतागलेले शेजारी, अशी ती गमतीची गोष्ट झाली. चीनबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक इंग्रजीतूनच गाळून येतं, त्यामुळे आपल्यापर्यंतही ‘नाचणाऱ्या चिनी आज्या’च पोचल्या. माझ्या मते हे प्रकरण समजून घेण्यातली पहिली अडचण हा शब्दच आहे. भोंग्यांकडे नंतर येऊ.

आजी नव्हे, मोठी आई

चौकात नाचणाऱ्या या बायकांना चिनीत ‘दामा’ म्हणतात. दा म्हणजे मोठी, मा म्हणजे आई. उत्तर चीनमध्ये वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला दामा म्हणायची पद्धत आहे आणि रस्त्यात भेटलेल्या अनोळखी वयस्कर बाईलाही मान देऊन हीच हाक मारतात. आपल्याकडे काही घरांत थोरल्या काकूला ‘मोठी आई’ म्हणतात, नेमकी तीच. दुसरी हाक आहे ‘आयी’. कानाला आपल्या आईसारखी लागते, पण अर्थ मावशी. घरकामाला येणाऱ्या बाईलाही चिनी माणूस आयीच म्हणतो आणि आपणही मावशीच म्हणतो. ज्या नात्यांसाठी इंग्रजीला एका ‘आँटी’वर भागवावं लागतं, तिथे मराठीत तयार खण आहेत. दामाला तिथून उचलून ‘ग्रॅनी’च्या खणात टाकलं की डोळ्यांपुढे येते पांढऱ्या केसांची, वाकलेली, गोड म्हातारी. ती नाचते म्हणून कौतुक, तिला कुणी हाकललं म्हणून कणव. चौकातली बाई बऱ्याचदा बावन्न-पंचावन्न वर्षांची असते. केस काळे, गुडघे शाबूत, आवाज खणखणीत, आणि संध्याकाळचे दोन तास तिचे स्वतःचे.

चिनीतही हा शब्द तोवर निर्मळ राहिला नव्हता हे खरं. एप्रिल २०१३ मध्ये जगभर सोन्याचा भाव कोसळला, तेव्हा चीनमधल्या मध्यमवयीन बायकांनी सराफांच्या दुकानांपुढे रांगा लावल्या. ‘चिनी दामा’ हे नाव त्या वेळी गाजलं आणि त्यात अर्धं कौतुक, अर्धी टिंगल होती: पैसा आहे, अक्कल नाही, आवाज मोठा. थोरल्या काकूच्या मानाचा शब्द वर्षभरात टोमणा झाला होता. वेन्चौचे भोंगे वाजले ते या हवेत.

पन्नाशीत रिकामी झालेली पिढी

चीनमध्ये निवृत्तीचं वय १९७८ च्या नियमांनी ठरलेलं होतं. पुरुषांसाठी ६०, कार्यालयीन पदांवरच्या बायकांसाठी ५५ आणि कामगार बायकांसाठी ५०. आयुष्यमान वाढत गेलं, नियम तिथेच राहिला. त्यातच १९९० च्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखान्यांमधून कोट्यवधी कामगार घरी पाठवले गेले. ‘श्या-कांग’ म्हणत त्याला, म्हणजे पाळीवरून खाली उतरणं. त्यांतल्या कित्येक बायका पन्नाशीच्या आतच घरी बसल्या. एक मूल धोरणामुळे घरात लेकरू एकच, आणि ते मोठं होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला.

मग ते लेकरू आईला बोलावून घेतं, नातवंड सांभाळायला. अशा आईवडिलांना चिनीत ‘लाओ-फ्याओ’ म्हणतात, म्हातारपणी वाहत आलेले. परक्या शहरात, बोली वेगळी, ओळख कुणाची नाही. सकाळी बाजार, दुपारी नातवंडाला शाळेतून आणणं, संध्याकाळचा स्वयंपाक. सून घरी आली की या बाईची कामाची पाळी संपते. त्यानंतर ती कुठे जाणार? चहाच्या दुकानात पैसे पडतात, व्यायामशाळेत त्याहून जास्त. चौक फुकट आहे. रांगेच्या शेवटी उभं राहायचं, पुढचीचे पाय बघून पाय टाकायचे, आठवड्याभरात नाच येतो आणि दोन मैत्रिणीही होतात. नाच शिकवणारी पुढे उभी असते. गटाचा खर्च म्हणजे चाकांच्या स्पीकरची बॅटरी आणि कधीतरी एकसारखे टी-शर्ट.

या नाचाला ‘ग्वांगछांग वू’ म्हणतात, शब्दशः चौकातला नाच. त्याची मुळं जुनी आहेत. उत्तरेकडच्या खेड्यांत सणासुदीला ‘यांगको’ हा नाच होई. १९४० च्या दशकात येनान या आपल्या तळावर कम्युनिस्टांनी त्यालाच प्रचाराचं साधन केलं आणि १९४९ मध्ये शहरं हाती आली तेव्हा विजयाच्या मिरवणुकांत तो रस्तोरस्ती नाचला गेला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६ ते १९७६) माओवरची निष्ठा दाखवणारा ‘निष्ठानृत्य’ नावाचा प्रकार कारखान्यांत, शाळांत, अगदी रेल्वेच्या फलाटांवरही नाचावा लागे. २०१४ मध्ये साठीच्या आसपास असलेली बाई तेव्हा शाळकरी किंवा तरुण मुलगी होती. सगळ्यांनी मिळून, उघड्यावर, एका ठेक्यावर नाचायचं, हे तिच्या अंगात लहानपणीच भिनलेलं. खाजगी खोलीत एकटीने व्यायाम करणं तिच्या मुलीला जमतं, तिला ते विचित्र वाटतं.

हीच गोष्ट तिच्यावर उलटलीही. चिनी इंटरनेटवर तेव्हा एक वाक्य फिरत होतं: म्हातारे वाईट झाले नाहीत, वाईट माणसं म्हातारी झाली. रोख रेड गार्ड्सच्या, म्हणजे सांस्कृतिक क्रांतीत माओच्या हाकेवर उठलेल्या पोरांच्या पिढीवर होता. तरुणपणी मास्तरांना मारलंत, आता स्पीकर लावून शेजाऱ्यांना मारता, असा त्याचा सूर. वाक्य चटपटीत आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. त्या पिढीतल्या लाखोंची शाळा त्याच क्रांतीने बुडवली, त्यांना खेड्यांत शेतावर पाठवलं, आणि पुढे कारखान्यानेही काढून टाकलं. इंग्रजीतल्या गमतीच्या गोष्टीत हा राग बसत नव्हता. आजीवर कोण रागावणार?

अंगण गेलं कुठे

आता जागेचा प्रश्न. ही बाई पूर्वी राहत होती ‘दानवेई’मध्ये. दानवेई म्हणजे कामाचं ठिकाण, पण त्याच्या पोटात सगळं असे. घर, दवाखाना, भोजनशाळा, सिनेमाचं सभागृह, पोरांची शाळा, बास्केटबॉलचं मैदान. गिरणगावात मिल, चाळ आणि चाळीचं अंगण एकमेकांना चिकटून होतं, त्याचं सरकारी आणि कितीतरी मोठं रूप समजा. १९९८ मध्ये सरकारने कामाबरोबर घर देणं बंद केलं. घरं विकत घ्यायची वस्तू झाली. दानवेईच्या जागी कुंपण घातलेल्या सोसायट्या आल्या, त्यांना कमिट्या आल्या, देखभालीच्या कंपन्या आल्या. ज्या मैदानावर संध्याकाळी सगळे जमत ते गेलं, आणि जमायची सवय तेवढी उरली.

वेन्चौत हे जास्त टोचणारं होतं. डोंगर आणि पाणी यांच्या बेचक्यातलं हे शहर. सात वाटे डोंगर, दोन वाटे पाणी, एक वाटा शेत, असं इथलं जुनं वर्णन आहे. सपाट जमीन मुळातच कमी, त्यात व्यापाऱ्यांचं शहर, घरांचे भाव भयंकर. चौक मोजके. त्यामुळे एकाच चौकात अनेक गट, प्रत्येकाचा आपला स्पीकर. शेजारच्या गटाचं गाणं आपल्या गाण्यात घुसायला लागलं की ठेका चुकतो, म्हणून आपण आवाज चढवायचा, मग त्यांनी चढवायचा. यात कुणीही मुद्दाम शेजाऱ्यांना छळत नसतं. इमारतीतल्या माणसाला मात्र या सगळ्यांची बेरीज ऐकावी लागते.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. समजा शेवटची रांग स्पीकरपासून २० मीटरवर आहे आणि तिथे ठेका नीट ऐकू यायला ७५ डेसिबल लागतात. इमारतीची खिडकी ४० मीटरवर असेल तर तिथे ६९ पोचणार. चीनच्या २००८ च्या मानकात निव्वळ निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, घरं आणि दुकानं मिसळलेल्या भागाला ६० आणि ५०. रात्र धरायची १० ते ६. (निवासी भागाचे हे आकडे आणि रात्रीची ही वेळ आपल्या २००० सालच्या नियमांतही तंतोतंत आहेत. त्यांचं गणपतीत काय होतं ते सांगत बसत नाही.) म्हणजे पुढे एकच स्पीकर ठेवून मागच्या रांगेपर्यंत गाणं पोचवायचं ठरवलं की मर्यादा मोडणारच, नाचणाऱ्या कितीही सज्जन असोत. त्यात ढोलाचा खर्ज खिडकी बंद केली तरी भिंतीतून आत येतो.

उपायही याच हिशेबात दडलेला आहे. एका मोठ्या स्पीकरऐवजी रांगांच्या मधे चार लहान ठेवले आणि त्यांची तोंडं इमारतीकडे पाठ करून लावली, तर शेवटच्या रांगेला तेवढंच ऐकू येतं आणि खिडकीला बरंच कमी. खर्च काही हजार युआनचा. २ लाख ६० हजारांत सोसायटीने चौकातल्या सगळ्या गटांना असे स्पीकर घेऊन दिले असते आणि वर पैसे उरले असते. पण शत्रूला स्पीकर घेऊन द्यायचा ठराव कुठल्या कमिटीत मंजूर होईल?

गोंगाट की गजबज

अजून एका शब्दापाशी थांबावं लागेल. चिनीत ‘र-नाओ’ असा शब्द आहे. र म्हणजे गरम, नाओ म्हणजे गलबला. दोन्ही मिळून झाली स्तुती. लग्न र-नाओ हवं, सणाचं जेवण र-नाओ हवं, खाणावळ र-नाओ असेल तर आतलं जेवण चांगलं असणार. शांत, रिकामं घर म्हणजे दुर्दैवाची खूण. इंग्रजीत याला ‘लाइव्हली’ म्हणून सोडून देतात, त्यात ऊबही नाही आणि गलबलाही नाही. मराठीत ‘गजबज’ जवळचा, ‘भरलं घर’ त्याहून जवळचं.

वेन्चौच्या सोसायटीची तक्रार दुसऱ्या शब्दात होती: ‘राओमिन’, लोकांना उपद्रव. हा सरकारी अर्जातला शब्द. एकाच गाण्याला खाली गजबज आणि वर उपद्रव म्हणत होते आणि दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. वरच्या मजल्यावर बारावीची तयारी करणारं पोर असतं, रात्रपाळी करून आलेला माणूस असतो, तान्हं बाळ असतं. चीनच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या दिवसांत, जूनमध्ये, कित्येक ठिकाणी चौकातले नाच थांबवले जातात. म्हणजे आवाज त्रासाचा आहे हे नाचणाऱ्याही जाणतात. परीक्षेचा मान त्या ठेवतात. बाकीच्या अकरा महिन्यांत मान कुणाचा, यावर भांडण.

हे भांडण वेन्चौत पहिल्यांदा झालं असंही नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये बीजिंगच्या छांगफिंग भागात एका माणसाने वैतागून हवेत बंदूक झाडली आणि आपले तीन तिबेटी मास्टिफ कुत्रे नाचणाऱ्यांवर सोडले. त्याला कैद झाली. ऑक्टोबरमध्ये वूहानमध्ये वरच्या मजल्यावरून नाचणाऱ्या बायकांवर विष्ठा टाकली गेली. त्या मानाने वेन्चौची कमिटी फारच सभ्य. त्यांनी कायद्याचं नाव घेतलं.

कायदा होता, कुणाचा होता

कायद्यात काय होतं? १९९७ पासून लागू असलेल्या ध्वनिप्रदूषण कायद्याच्या ४५ व्या कलमात दोन गोष्टी आहेत. वस्तीच्या भागात मोठे भोंगे वाजवायला बंदी, आणि चौकात-बागेत कार्यक्रम करताना मोठ्या आवाजाची यंत्रं वापरायची असतील तर स्थानिक पोलिसांचे नियम पाळावे लागतील. हे नीट वाचलं तर नाचणाऱ्या गटांच्या स्पीकरवर पोलिसांनी कारवाई करायला हवी होती. आणि त्याच कलमाच्या पहिल्या ओळीने सोसायटीचे भोंगे स्वतःच बेकायदा ठरत होते! ‘बेकायदा वर्तन थांबवा’ असं ओरडणारं यंत्रच बेकायदा, ही विसंगती चिनी चर्चांतूनही सुटली नाही.

पण कारवाई होणार कशी? कारखान्याच्या आवाजाचा विषय पर्यावरण खात्याचा. चौकातल्या आवाजाचा पोलिसांचा. रस्त्यावरच्या शिस्तीचा ‘छंगक्वान’ नावाच्या पालिकेच्या पथकाचा. बागेची देखभाल आणखी चौथ्याची. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक खिडकीवर ‘हे आमच्याकडे येत नाही’ ऐकावं लागतं. पोलीस आले तर आवाज कमी होतो, पोलीस गेले की वाढतो. आणि पन्नास-साठ मोठ्या आयांना हात लावायची हिंमत कोणता शिपाई करेल? एखादी खाली बसली आणि छातीला हात लावला, तर त्याची नोकरी गेली. वेन्चौच्या रहिवाशांनी भोंगे आणले ते वर्षानुवर्षांच्या तक्रारी करून थकल्यावर.

यात वेन्चौचा स्वभावही आहे असं मला वाटतं. हे शहर सरकारची वाट न बघता स्वतःच्या पैशाने धंदा उभा करणाऱ्यांचं म्हणून प्रसिद्ध आहे. सरकारी बँक कर्ज देत नाही? आपसात भिशी लावा. सरकार आवाज थांबवत नाही? वर्गणी काढा, यंत्र आणा.

भोंगे काही दिवस वाजले. आणि गंमत म्हणजे त्यांचा त्रास सगळ्यात जास्त कुणाला झाला असेल, तर ज्यांच्या डोक्यावर ते बसवले होते त्या सोसायटीलाच. मग स्थानिक प्रशासन मधे पडलं, दोन्ही बाजूंशी बोलणी झाली आणि भोंगे बंद झाले. नाचणाऱ्यांनी आवाजावर लगाम घालायचा असं ठरलं. २५ लाखांच्या यंत्राने नाच थांबवला नाही, पण ज्या खिडक्या वर्षानुवर्षं ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणत होत्या त्या एका आठवड्यात उघडल्या. आवाज चौकावर रोखलेला दिसत होता. तो पोचला कचेरीत. कमिटीला हे आधीच कळलं होतं की नंतर, सांगता येत नाही.

बारा नाच आणि एक टॉर्च

पुढच्या वर्षी, मार्च २०१५ मध्ये, चीनच्या क्रीडा प्रशासनाने आणि संस्कृती मंत्रालयाने तज्ज्ञांकडून बसवून घेतलेले बारा नमुना नाच जाहीर केले. इंग्रजीत लगेच बातम्या आल्या: चीन आता आज्यांचे नाचही ठरवून देणार. चीनमध्येही खिल्ली उडाली. मग अधिकाऱ्यांना सांगावं लागलं की नाच सक्तीचे नाहीत, शिकायला सोपे म्हणून दिलेत. मला या प्रकारात हुकूमशाहीपेक्षा सरकारी खाक्याच जास्त दिसतो. तक्रार आवाजाची होती, उत्तर पदन्यासाचं मिळालं. भांडण आवाज, वेळ आणि जागा या तीन गोष्टींचं, आणि बारा नाचांनी त्यांतल्या एकालाही हात लावला नाही.

जागेचं दुखणं २०१७ मध्ये लोयांग शहरात उघडं पडलं. मे महिन्याच्या अखेरीस तिथल्या वांगछंग बागेत बास्केटबॉलच्या मैदानावरून नाचणारे वयस्क आणि खेळणारे तरुण यांची हातापायी झाली, तिचा व्हिडिओ देशभर पसरला. त्या वेळी लोक आवाजाबद्दल बोललेच नाहीत. एक मैदान, दोन पिढ्या. थोड्याच महिन्यांत क्रीडा प्रशासनाने सूचना काढली, त्यात इतर खेळांच्या जागा बळकावून नाचू नये असं बजावलं.

२०२१ मध्ये आणखी एक यंत्र गाजलं. टॉर्चसारखं दिसणारं, स्पीकरच्या दिशेने धरून बटण दाबलं की स्पीकर गप्प, असा विक्रेत्यांचा दावा होता. इंग्रजी बातम्यांत त्याची तुलना ‘स्टन गन’शी झाली आणि वाचणाऱ्याला वाटलं, चीनमध्ये आता आज्यांना विजेचे झटके देतात की काय! मुळात तो रिमोटचाच भाऊबंद. टीव्हीच्या रिमोटसारखा न दिसणारा किरण सोडायचा आणि स्पीकरला वाटायचं, मालकानेच बंद केलं. स्पीकरच्या त्या काचेच्या ठिपक्यावर चिकटपट्टी लावली की टॉर्चचा खेळ खलास. चिकटपट्टी दोन युआनला मिळते.

२०१७ आणि २०२१ च्या मधे एक वेगळं चित्र आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये वूहानमध्ये करोनाच्या सौम्य रुग्णांसाठी क्रीडागृहांत तात्पुरती रुग्णालयं उभारली होती. शेकडो खाटा, मास्क लावलेली माणसं. तिथल्या बायकांनी खाटांच्या मधल्या वाटेत रांगा लावून चौकातला नाच सुरू केला, पांढऱ्या पोशाखातल्या परिचारिकाही त्यांच्यात मिसळल्या. तो व्हिडिओ चीनमध्ये ज्यांनी पाहिला, त्यांतल्या कित्येकांना त्या दिवशी या मोठ्या आया पहिल्यांदाच आवडल्या असतील. शहर तेच, जिथे सव्वासहा वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यावर घाण टाकली होती.

नवा ध्वनिप्रदूषण कायदा ५ जून २०२२ पासून लागू झाला. वेन्चौत जे अधांतरी होतं ते त्यात जमिनीवर आणलं आहे. चौक किंवा बाग ज्याच्या ताब्यात, त्याने नाचायची जागा, वेळ आणि आवाज ठरवून द्यायचा, हवं तर आवाज मोजून दाखवणारा फलक लावायचा. मोडणाऱ्याला आधी समजवायचं, तरी ऐकलं नाही तर ताकीद, आणि व्यक्तीला २०० ते १००० युआन दंड. म्हणजे खिडकी कोणती हे एकदाचं ठरलं. बागांमध्ये आता लाल आकडे दाखवणाऱ्या पाट्या दिसतात. गाणं चढलं की आकडा चढतो, आणि पुढे उभी असलेली नाच शिकवणारी मान वळवून तिकडे बघते. पोलिसाला जे जमत नव्हतं ते या पाटीला जमतं, कारण पाटीशी भांडता येत नाही.

निवृत्तीचं वयही आता सरकतं आहे. १ जानेवारी २०२५ पासून ते पंधरा वर्षांत हळूहळू वाढणार: कामगार बायकांचं ५० वरून ५५, कार्यालयीन बायकांचं ५५ वरून ५८, पुरुषांचं ६० वरून ६३. चौकात येणाऱ्या नवीन मुलींना, म्हणजे पन्नाशीतल्या, आता थोडं थांबावं लागेल.

काही गटांनी हेडफोनचा उपाय केला आहे. गाणं वायरलेसने प्रत्येकीच्या कानात, चौकात काहीच नाही. खिडकीतून पाहणाऱ्याला दिसतात चाळीस बायका, एकाच वेळी वळणाऱ्या, एकाच वेळी हात उचलणाऱ्या, आणि ऐकू येते फक्त फरशीवर घासणाऱ्या बुटांची सरसर. डेसिबलच्या हिशेबाने हा सगळ्यात निर्दोष नाच. पण जाता-येता थांबून बघणारी, दोन मिनिटांत हळूच शेवटच्या रांगेला जोडली जाणारी, परक्या शहरात नवीन आलेली बाई या गटाला कशी जोडणार? तिच्या कानात गाणं नाही.